उंबऱ्याबाहेरचे जोड

तडजोडीची बैठक सुरू करण्याआधी ते उंबऱ्यापाशी येऊन चपला मोजत. मनातल्या मनात नव्हे, बोट दाखवून आणि मोठ्याने. "एक माझा. एक ह्यांचा. एक त्यांचा." तीन जोड भरले की दार लोटून घेत. चौथा जोड दिसला तर तो ज्याचा असेल त्याला बाहेर जावे लागे, मग तो पक्षकाराचा सख्खा भाऊ असो की गावचा सरपंच. एकदा चौथा जोड सापडला आणि माणूस काही सापडेना. त्यांनी मोरी पाहिली, माळा पाहिला, माझ्या खोलीतल्या खाटेखालीही डोकावले. शेवटी एका पक्षकाराने चाचरत सांगितले की तो जोड त्याने येताना चांभाराकडून शिवून आणला होता. तोवर अर्धा तास गेला होता आणि इतक्या वेळात दोन्ही भांडखोर मिळून शोध घेत असल्यामुळे त्यांच्यातला ताण बराच उतरला होता. "बघा," ते म्हणाले, "चपलेनं निम्मं काम केलं."

सांगलीच्या त्या गल्लीत त्यांना सगळे बेलिफमामा म्हणत. दिवाणी न्यायालयात त्यांनी तीस वर्षे बेलिफाची नोकरी केली होती. समन्स बजावायचे, माणूस दडून बसला तर त्याच्या दारावर नोटीस चिकटवायची, आणि हुकूम असेल तर जप्ती करून सामान आणायचे. मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून राहायला गेलो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षे झाली होती. नव्वदच्या दशकातला तो मधला काळ. मी वडूजहून वकिलीसाठी सांगलीला आलो होतो आणि एका नामांकित वकिलांच्या हाताखाली फायली उचलत होतो. बेलिफमामांच्या पत्नी वारल्या होत्या, मुलगी फलटणला दिलेली. पुढच्या खोलीत ते राहत, मागची खोली माझी. मधे भिंत होती ती फळ्यांची.

निवृत्तीनंतरही ते खाकी कोट घालत. त्यावरचा बिल्ला तेवढा काढून टाकलेला. कुणाच्याही घरी गेले तरी दाराला हात लावत नसत. रस्त्यात उभे राहून हाक मारत आणि कुणी बाहेर येईपर्यंत थांबत, पाच मिनिटे, दहा मिनिटे, उन्हातसुद्धा. मी एकदा कारण विचारले. म्हणाले, "तीस वर्सं ठोठावली दारं. एक बी दार हसून उघडलं न्हाई. आता दार आपणहून उघडंस्तवर थांबायचं."

त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मामांनी नुकतीच विशी ओलांडली होती. बेलिफ म्हणून खेड्यात गेल्यावर काही घरांत समन्स हातात घेतले जात नसे. "तिथं ठेवा" म्हणत. मग कागद पायरीवर ठेवायचा आणि उडू नये म्हणून त्यावर दगड. हे त्यांनी मला एकदाच सांगितले, तेही दगड कसा निवडावा हे समजावताना आणि हसत. तशाच घरांतली माणसे पुढे त्यांच्या चटईवर बसून, त्यांच्या हातचा चहा पिऊन, आपली भांडणे त्यांच्यापुढे ठेवत. हा विश्वास त्यांनी किती सावकाश मिळवला होता, हे मला तेव्हाही कळत होते. कळत नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही.

मध्यस्थीकडे ते वळले आटपाडीच्या एका गिरणीमुळे. दोन भागीदारांची पिठाची गिरणी होती. भांडण न्यायालयात गेले, वर्षे गेली आणि अखेर वाटणीचा हुकूम झाला: मोटार एकाला, जाती दुसऱ्याला. हुकमाची अंमलबजावणी करायला हे गेले. दगडाची जाती बैलगाडीत चढवून त्यांनी पंचांच्या सह्या घेतल्या. जात्यांवाचून मोटार आणि मोटारीवाचून जाती, दोन्ही गंजत आणि धूळ खात पडली. गावातल्या बाया डोक्यावर दळण घेऊन पुढच्या गावाला जाऊ लागल्या. "कायद्यानं समदं बरोबर झालं हुतं," ते म्हणत, "फकस्त दळण बंद पडलं."

त्यांच्या बैठकीच्या रीती विलक्षण होत्या. आत येणाऱ्याने पेन कोनाड्यात ठेवायचे. कागद कुणी काढायचा नाही. दोघांच्या मधे ते भुईमुगाच्या शेंगांची पाटी ठेवत आणि दोघांनीही शेंगा फोडत बोलायचे, असा दंडक होता. "हात रिकामा ऱ्हायला की बोट दाखवतो," असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे त्यांच्या घरी दाणे कधी कमी पडले नाहीत. शेजारच्या बायका म्हणत, मामांकडून कुटाचा वास आला की समजावं, कुणाचं तरी जुळलं. वकील मंडळींत मात्र त्यांची थट्टा होई. कुणी त्यांना बिनफीचे न्यायाधीश म्हणे. त्यांनाही ते ठाऊक होते. "निकाल लागला की एकजण जिंकतो आणि दुसरा अपील करतो," ते मला म्हणत, "तुमचं पोट त्या दुसऱ्यावर. मी तुमच्या पोटावर पाय देतो, तरी भाडं वेळेवर देता, थोर हाय तुमी."

साताऱ्याच्या दोन भावांचे प्रकरण मला आठवते. दोघांची पेढ्यांची दुकाने, आणि दोघांच्याही पाटीवर 'मूळ दुकान' हे शब्द. ते शब्द कुणी लावावेत यावरून दावा चालू होता. तीन बैठका झाल्या, शेंगांचे ढीग फुटले. चौथ्या बैठकीत धाकटा शेंग फोडता फोडता म्हणाला की आईचा फोटो थोरल्याने नेला, विचारलेसुद्धा नाही. भांडण पाटीचे नव्हतेच. पुढे तो फोटो सहा-सहा महिने एकेका दुकानात राहू लागला आणि दोन्ही पाट्या आहेत तशाच राहिल्या. हे मला मामांनी सांगितले नाही. थोरला भाऊ पेढे घेऊन आला होता, त्याने रस्त्यात उभे राहून साऱ्या गल्लीला सांगितले. मामांनी त्यालाही मधेच थांबवले. त्यांच्या चटईवर बोललेले काहीही, चांगलेसुद्धा, उंबऱ्याबाहेर जाऊ नये, असा त्यांचा नियम होता. बाकी साऱ्या रीती त्या नियमासाठीच होत्या. चपला मोजायच्या त्यासाठीच.

माझ्या भाडेकरारातही तीच एक अट होती. बैठका बहुधा गुरुवारी. सकाळी ते मला सांगत, "आज बसणार हाय." त्या दिवशी दुपारी मी घरी यायचे नाही. दोन वर्षे मी ती अट निष्ठेने पाळली.

आता मूळ गोष्टीकडे यायला हवे. इतका वेळ मी तिच्याभोवती फिरत होतो, हे माझ्या लक्षात आहे.

सांगलीजवळ हरिपुरात हळद साठवायची पेवे असत. जमिनीत खोल खड्डे. आत पाला आणि चटया लावून हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून वरून माती लिंपायची. वर्षानुवर्षे हळद आत सुखरूप राहते. एका व्यापाऱ्याने आपल्या मित्राच्या पेवात हळद ठेवली होती. दोघांची दोस्ती चाळीस वर्षांची, तालमीतली. पेव उघडले तेव्हा हळद काळी पडून कुजलेली निघाली. व्यापाऱ्याचे म्हणणे, तोंड नीट लिंपले नव्हते, पाणी वरून शिरले. पेवमालकाचे म्हणणे, त्या साली नदीच चढली होती, पाणी जमिनीतून पाझरले, त्याला कोण काय करणार. व्यापाऱ्याने दावा लावला. त्याचे वकील म्हणजे माझे वरिष्ठ. दावा साक्षीपर्यंत आला असताना कुणीतरी दोघांना सुचवले की एकदा मामांकडे बसून पाहा.

मी मामांना सांगितले की हा दावा आमच्याच कार्यालयातला आहे. त्यांनी शेंगा निवडता निवडता विचारले, "मग गुरुवारी कुठं जाणार?" मी म्हणालो, वाचनालयात. "बरं," म्हणाले. त्यांनी अधिक काही विचारले नाही, दुसरी अट घातली नाही. मला अजून वाटते, तेव्हा त्यांनी शपथ घ्यायला लावली असती तर कदाचित मी वाचलो असतो. पण हा विचारही स्वतःला सोडवण्यासाठीच असतो.

पहिल्या दोन बैठकांना दोघेही आले होते. तिसऱ्या गुरुवारी मामांनी एकट्या पेवमालकाला बोलावले होते. त्या दिवशी न्यायालयातून मला एका फाइलसाठी हळदीच्या बाजारातल्या वाटेने घरी परत यावे लागले. मामा दूध आणायला कोपऱ्यावर गेले होते. मी फाइल उचलली आणि रस्त्यात बोलणे ऐकू आले. मामा आणि पेवमालक दोघे मिळूनच येत होते. माझ्या चपला उंबऱ्याबाहेर होत्या. पायांत घालून, नमस्कार करून निघून जाण्याइतका वेळ माझ्याजवळ होता. मी वाकून चपला उचलल्या आणि आत घेतल्या. खोलीचे दार लावले आणि खाटेवर पाय न वाजवता बसलो.

बाहेर मामांनी मोजले. "एक माझा. एक तुमचा." दार लोटले गेले.

शेंगा फुटू लागल्या. मग पेवमालक बोलू लागला. "मामा, तोंड लिंपलं त्या दिशी मी हितं नव्हतोच. थोरल्या लेकीचं बाळंतपण अडलं हुतं, मिरजेच्या दवाखान्यात हुतो. गड्यास्नी सांगून गेल्तो. दोन दिसांनी येऊन बघितलं, तर एका अंगाला माती पातळ. म्हटलं, ऱ्हाऊ दे, धरंल. न्हाई धरली." एक शेंग फोडून तो म्हणाला, "त्याला कसं सांगू? तो तवा रोज डबा घेऊन दवाखान्यात येत हुता."

मामा म्हणाले, "असंच सांगा. आता बोलला तसं."

"तुमीच सांगा की त्याला."

"मी सांगितलं तर ती बातमी हुईल. तुमी सांगितलं तर तो ऐकून घील. पुढच्या गुरुवारी दोघं या."

पेवमालकाने कबूल केले. कबूल करताना तो रडत होता, असे मला फळीआडून वाटले.

दाव्याची पुढची तारीख मंगळवारी होती. त्या दिवशी पेवमालकाची साक्ष होती. मी वरिष्ठांना सोमवारी सांगितले. सत्य न्यायालयापुढे आलेच पाहिजे, असे मी स्वतःला समजावले होते. खरे कारण त्याहून लहान होते. दोन वर्षांत त्या गृहस्थांनी मला कधी बसायला सांगितले नव्हते. त्या दिवशी त्यांनी ऐकून घेतले, कुठून कळले ते विचारले, मी गप्प राहिलो तेव्हा हसले आणि समोरची खुर्ची दाखवली. दुपारी त्यांच्या डब्यातली पोळी त्यांनी माझ्या पानात वाढली. ती मी आवडीने खाल्ली.

मंगळवारी उलटतपासात त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले, "तोंड लिंपले त्या दिवशी आपण मिरजेच्या दवाखान्यात होता, हे खरे आहे ना?" पेवमालकाने कठडा घट्ट धरला. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. मित्राकडेही नाही. मग "व्हय" म्हणाला. पुढचे प्रश्नही विचारले गेले, माती पातळ दिसली होती का, दिसूनही तशीच ठेवली का. तो प्रत्येकाला "व्हय" म्हणत गेला. त्याच्या वकिलांनी हरकत घेण्याचा प्रयत्न केला; त्यानेच हाताने त्यांना थांबवले.

व्यापारी माझ्या शेजारी बसला होता. मला वाटले, तो खूश होईल. तो जमिनीकडे पाहत पुटपुटला, "त्या दिसांत मी डबा पोचवत हुतो की रं."

गुरुवारी कुणी आले नाही. मामांनी शेंगांची पाटी काढून ठेवली होती, संध्याकाळी ती तशीच उचलून ठेवली. निकाल कुणाच्या बाजूने लागला हे सांगायची गरज नाही.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी सकाळी पेवमालक आला. मी मागच्या खोलीत दाढी करत होतो. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि त्याने पायांतल्या चपला काढल्या नाहीत.

"मामा, तुमच्या घरात मी बोललो ते तुमच्याबिगर कुणालाच ठावं नव्हतं."

"व्हय."

"मग कसं गेलं?"

गल्लीत दोन-चार माणसे थांबली होती. मी हातातला वस्तरा खाली ठेवला. फळीपलीकडे जायला तीन पावले लागली असती.

"गेलं ते माझ्या घरातनं गेलं," मामा म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ? चूक माझीच."

"लोक सांगत हुते, कोर्टाचा माणूस हाय, कोर्टाचाच ऱ्हाणार. मीच म्हणायचो, मामा तसं न्हाईत." एवढे बोलून तो गेला.

माझ्या गालांवर साबण वाळून गेला होता.

महिन्याभरात बैठका बंद झाल्या. ज्यांच्या तारखा ठरल्या होत्या त्यांनी निरोप पाठवले, काहींनी तेही नाही. मामा गुरुवारी चटई अंथरत आणि संध्याकाळी गुंडाळत. मग एका गुरुवारी ती अंथरली नाही. ते मला काही विचारतील म्हणून मी रोज वाट पाहत होतो. उत्तरेही जुळवून ठेवली होती. त्यांनी विचारले नाही. पेवमालक येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना मात्र ते म्हणाले, "वकील, चपला भाईरच काढत चला. बाजारातनं येताना तळव्यांना हळद लागती. तुमच्या खाटेपाशी उमटलीय. फरशीवरची हळद लवकर निघत न्हाई."

मी खाली पाहिले नाही. "बरं," म्हणालो.

त्यांना माहीत होते. माझी खोलीही रोज तेच झाडत; पेवमालक दारात उभा होता त्या वेळीही माहीत होते. माझे नाव घेतले असते तर ते सुटले असते. पण ते नाव घेणे म्हणजे चटईवरचे प्रकरण पुन्हा रस्त्यावर आणणे, आणि ते त्यांच्या नियमात बसत नव्हते. की त्यांनी माझ्या कोवळ्या वकिलीचा विचार केला? की मी स्वतः पुढे येईन म्हणून, रस्त्यात उभे राहून थांबावे तसे ते थांबले होते? पाच मिनिटे, दहा मिनिटे, अखेरपर्यंत? या प्रश्नाने मला इतक्या वर्षांत सोडलेले नाही.

पाच महिन्यांनी मी खोली सोडली आणि साताऱ्याला वकिली सुरू केली. तिथे माझे बरे चालले. तीन वर्षांनी फलटणहून त्यांच्या मुलीचे कार्ड आले: वडील सांगलीतच गेले, त्रास झाला नाही, तुमची अनामत रक्कम परत द्यायची राहिली असे म्हणत होते, कशी पाठवू ते कळवावे. त्या कार्डाला मी उत्तर पाठवले नाही.

अलीकडे न्यायालयांतूनच मध्यस्थी होते. मीही त्याचे प्रशिक्षण घेतले आणि साताऱ्याच्या केंद्रात बसतो. खोलीत टेबल आहे, खुर्च्या आहेत, पाण्याच्या बाटल्या आहेत. कुणी चपला काढत नाही. सुरुवातीला पक्षकारांना एक वाक्य सांगावे लागते: इथे जे बोलाल ते या खोलीबाहेर जाणार नाही. हे वाक्य मी शेकडो वेळा उच्चारले असेल. समोरची माणसे माझ्याकडे पाहून मान डोलावतात, त्यांचे खांदे थोडे सैल होतात, आणि मी टेबलाखालून नकळत त्यांचे पाय मोजत असतो.

गेल्या वर्षी मी हरिपुरात गेलो. मोठ्या पुरांनी बरीच पेवे बुजली आहेत. पेवमालक आता ऐंशीच्या पुढे. ओसरीत बाजेवर बसले होते. मी वकील म्हणून ओळख दिली, ती त्यांना पटेना. मग मामांचा भाडेकरू म्हटल्यावर ओळख पटली आणि त्यांचा चेहरा बंद झाला. व्यापारी मित्राची चौकशी केली. तो बारा वर्षांपूर्वी गेला. पुन्हा बोलणे झाले होते का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "लग्नाकार्यात. राम राम, इतकंच."

मग मी सांगितले. चपला आत घेतल्या तिथपासून खुर्चीपर्यंत, पोळीपर्यंत. काही वगळले नाही. त्यांनी मधे एकदाही अडवले नाही. मी थांबल्यावर त्यांनी विचारले, "मामास्नी ठावं हुतं?"

"होतं."

"कवापासनं?"

"तुम्ही दारात आला होता त्याच्या आधीपासून."

"आणि बोललं न्हाईत."

"नाही."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्यांतली एक जरी मिळाली असती तरी मी ती घेऊन परत आलो असतो. म्हातारा अंगणातल्या बुजलेल्या पेवाच्या फरशीकडे पाहत राहिला. सून चहा ठेवून गेली, तो निवला.

"मामा गेल्याचा सांगावा आला हुता मला," अखेर ते म्हणाले. "हितनं सांगली कितीशी लांब? सायकल भाईर काढलीबी हुती. पुन्हा आत लावली." त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, आणि मग ते माझ्याशी बोलत नव्हते. "मी त्यांच्या मातीला गेलो न्हाई."